उंबरथडीचा भिवा सांगडवाला

नीट सरकून बसा, आणि मधे मधे शंका काढू नका. ही गोष्ट मला स्वतःलाच पुरती उमगलेली नाही. त्यात तुम्ही फाटे फोडलेत तर मी कुठली कुठे जाईन.

फार वर्षांपूर्वी, प्रवरेवर पूल नव्हता, होडीही नव्हती, तेव्हा आपल्या उंबरथडीला भिवा नावाचा सांगडवाला होता. सांगड म्हणजे काय ते तुम्हाला सांगावं लागणार, तुम्ही पुलावरून फटफट्या उडवणारी माणसं. वाळलेले मोठाले भोपळे दोराने एकत्र आवळायचे, वर बाजेसारखी काठ्यांची चौकट बांधायची, झाली सांगड. उतारूने तिच्यावर उताणं पडायचं आणि भिवाने दोर छातीला बांधून पोहत पोहत तिला पैलतीरी ओढायचं.

त्याची अट एकच. उतारूने हात हलवायचा नाही, पाय मारायचा नाही, कशालाही धरायचं नाही. मदत करायला गेला की सांगड उलटलीच म्हणून समजा. असं म्हणतात, की सगळ्यात वाईट उतारू म्हणजे पोहता येणारा. न येणारा बिचारा भीतीने का होईना गप पडून राहतो. येणाऱ्याला मात्र चैन पडत नाही.

हा भिवा उतराई म्हणून कुणाकडून दाणाही घेत नसे. का, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. आधी सांगडवाले दोघे होते, भिवा आणि त्याचा जिवाभावाचा गेनू. एका पुरात वाहत आलेल्या झाडावर त्यांची सांगड फुटली. हाती उरला एक भोपळा. गेनूने भिवाच्या गळ्याला मिठी मारली, आणि भिवाने ती एकेक बोट उलगडून सोडवली. भिवा काठाला लागला, गेनू लागला नाही. कुणी पाहिलं नव्हतं हो, पण भिवा स्वतःच पारावर येऊन सगळं बोलला. पंच म्हणाले, पुरात असंच होतं, जीव कुणाला नको असतो? त्यांनी शिक्षाच दिली नाही. तिथेच सगळा घोळ झाला, असं माझं मत आहे. शिक्षा मिळाली असती तर ती कधीतरी संपली तरी असती.

मग त्याने आपलं आपणच ठरवलं. पाप फिटेपर्यंत लोकांना फुकट उतरवायचं. पण फिटलं हे सांगणार कोण? म्हणून पैलतीर आला की तो उतारूलाच विचारायचा, झालं असेल का हो? कुणी म्हणे, झालं असेल बाबा. कुणी म्हणे, देवाला ठाऊक. कुणी नुसतंच धोतर पिळत चालू लागे. असं एक तप गेलं. जिला विचारायला हवं होतं तिच्यासमोर उभं राहायची मात्र त्याची छाती होत नव्हती.

ती म्हणजे गेनूची बायको ठकूबाई. पलीकडच्या वाळूत तिची टरबुजांची वाडी होती. रोजचं जाणं-येणं, पण भिवाच्या सांगडीवर ती एकदाही पडली नाही. कासोटा घालून, पोटाशी भोपळा बांधून, एकटी पोहत जायची. बारा वर्षांत ती त्याच्याशी चकार शब्द बोलली नाही.

अशात नगरकडून शांतवन मास्तर आले. ख्रिस्ताची शिकवण सांगत गावोगाव फिरणारे उपदेशक. देहाने चांगले गरगरीत. भिवाने त्यांना सांगडीवर घेतलं, आणि अर्ध्या पाण्यात मास्तरांनी असे हातपाय झाडले की दोघेही गटांगळ्या खात अलीकडे आले. त्याच संध्याकाळी लिंबाखाली बसून मास्तर शिकवू लागले, की स्वतःच्या कर्माने कुणाचं तारण होत नाही. प्रभूने ते करून ठेवलंय. ते फुकट मिळतं, आपण फक्त विश्वास ठेवायचा आणि घ्यायचं. लोक गालातल्या गालात हसले. भिवा हसला नाही. त्याने विचारलं, मग मी बारा वर्षं ओढलं त्याचं काय? मास्तर भला माणूस, खोटं बोलला नाही. म्हणाला, त्याने तारण होत नाही, भिवा.

दुसऱ्या दिवशी भिवाने सांगड लिंबाला टांगली.

आता काय म्हणावं याला! कर्माने होत नाही ना, मग कर्म कशाला, असा त्याचा हिशेब. काठावर माणसं खोळंबली. एकीचं माहेरी लग्न होतं, एकाचा बैल पलीकडे अडकला होता. सगळे मास्तरांवर चालून गेले, की तुमच्या शिकवणीने आमचा सांगडवाला बसला. मास्तर म्हणाले, कर्माने तारण होत नाही, पण म्हणून कर्म सोडायचं नाही. मग करायचं तरी कशासाठी, लोकांनी विचारलं. मास्तरांनी पुष्कळ समजावलं. जितकं समजावलं तितका गुंता वाढला, आणि शेवटी स्वतः मास्तरच डोकं धरून बसले. ठकूबाई मागे बसून हे सगळं ऐकत असे. तिला काय पटलं, काय नाही, तिने कुणाला सांगितलं नाही.

भिवाने तिसरंच काढलं. नदीच्या मधोमध एक खडक आहे, अजून आहे, पाणी उतरलं की दिसतो. रोज सकाळी तो पोहत त्या खडकावर जाऊन विश्वास ठेवायला बसू लागला. डोळे गच्च मिटायचा, दात आवळायचा, घामाने निथळायचा. विहीर खणायला बसल्यासारखा तो विश्वास ठेवायला बसला. संध्याकाळी थकून घरी यायचा आणि म्हणायचा, आजही नाही झालं. मला हसू येतं, आणि खरं सांगू, रडूही येतं. इतकं सोपं सांगितलेलं त्या माणसाने किती अवघड करून घेतलं.

मग तो रविवार आला. इकडे लख्ख ऊन, पण वर घाटात धो धो कोसळलेला. भिवाचे डोळे मिटलेले. त्याने उघडले तेव्हा पाणी कमरेला लागलं होतं. अख्खं गाव काठावर धावलं. एवढ्या लोंढ्यात भोपळ्याशिवाय पोहणं म्हणजे मरण, आणि त्याची सांगड तर लिंबाला टांगलेली. कुणी दोर फेकला, तो पुरला नाही. मास्तर गुडघे टेकून प्रार्थना करत होते. पाणी भिवाच्या छातीला आलं. त्याने खडकाचा सुळका दोन्ही हातांनी कवटाळला होता.

तेवढ्यात गर्दीतून ठकूबाई निघाली. तिने लिंबावरची सांगड उतरवली, दोर छातीला बांधला आणि पाण्यात शिरली. कुणी म्हणतं ती त्याला वाचवायला निघाली, कुणी म्हणतं स्वतःच्या हाताने बुडवायला. पुढे तिला पुष्कळांनी विचारलं. ती म्हणायची, मला काय ठाऊक, पाय निघाले.

ती खडकाला लागली. सांगड भिवाच्या पुढ्यात आली, तरी हा बाबा सुळका सोडेना. बारा वर्षं जे विचारायचं होतं ते त्याने तेव्हा विचारलं.

"ठकू, झालं का गं?"

पूर घोंघावत होता, तरी तिचं उत्तर काठापर्यंत ऐकू आलं असं म्हणतात.

"नाही झालं, भिवा. ते कधीच व्हायचं नाही. हात सोड."

"मग कशाला आलीस?"

"हात सोड म्हणते ना."

आणि त्याने सोडला. सबंध नदीत त्याच्यासारखा पोहणारा नव्हता, आणि तो सांगडीवर उताणा पडला, हात पसरून, पाय सैल टाकून. तिने ओढलं. असं म्हणतात, की ती दोघं खाली वाहून गेलीच नाहीत. जिथून ती पाण्यात शिरली होती त्याच्या वरच्या अंगाला, पार देवळाच्या पायरीशी लागली. पूर कधी उलटा ओढतो का? मला विचारू नका. माझ्या आजेसासऱ्यांनी सांगितलं ते मी तुम्हाला सांगते.

चौथ्या दिवशी भिवाने सांगड पाण्यात लोटली आणि पहिल्यासारखा लोकांना उतरवू लागला, तसाच फुकट. मास्तरांनी विचारलं, आता कशासाठी? भिवा म्हणाला, मास्तर, ते मला सांगता येत नाही, पण दोर हलका लागतो. त्यानंतर त्याने कुणालाही काही विचारलं नाही. पहिल्या खेपेला सांगडीवर कोण होतं सांगू? ठकूबाई. अवघं पात्र ओलांडेपर्यंत तिने बोटसुद्धा हलवलं नाही.

आता पूल झाला, भोपळे गेले. पण पुराचं पाणी उतरलं की पहिल्या रविवारी उपासनेआधी मास्तरांमुळे पुढे इथे झालेली सगळी ख्रिस्ती वस्ती नदीवर जाते. तो भिवाचा रविवार. ज्याने कुणाचं वाईट केलंय त्याने घोटाभर पाण्यात जाऊन उभं राहायचं. हाक मारायची नाही, सबब सांगायची नाही, जवळ काही द्यायला न्यायचं नाही. ज्याचं वाईट केलं तो आला तर आला. आला की त्याने पाण्यातल्याचा हात धरून त्याला आमच्या प्रार्थनेच्या देवळात न्यायचं. बाप्तिस्म्याला बसणाऱ्या पोरी दरवर्षी पाळकांना विचारतात, की फुकटच मिळायचं तर चांगलं वागायचं कशाला, आणि पाळक दरवर्षी घाम पुसतात.

तीन वर्षांपूर्वी मी उभी राहिले होते. माझ्या जावेचं मी काय केलं ते तुम्हाला सांगणार नाही, पण ते भरून निघण्यासारखं नाही. माझ्यासोबतचे एकेक जण गेले. घंटा झाली. आतून गाणं सुरू झालेलं ऐकू आलं. पाय गारठले, आणि मला कळून चुकलं की ती येणार नाही, आणि तिचं काही चुकत नाही. तेवढ्यात ती आली. तिने माझं मनगट धरलं आणि ओढत नेलं. मी उपासना संपेपर्यंत रडत होते. का आलीस म्हणून मी तिला अजून विचारते, आणि ती म्हणते, जेव आधी, भाकरी गार होतेय.