कासवाच्या पाठीवरची वेळ

जनावरं पाळ्या लावून पाणी पीत, त्या काळची ही गोष्ट. तळ्यावर पहाटे वाघाची पाळी असे आणि त्याच्यामागून हरणांची. उन्हाळ्यात सगळ्या पाळ्या दोन घटका अलीकडे येत. हा नियम कासवाच्या पाठीवर कोरलेला होता आणि हरणं तो बघूनच निघत.

एका वर्षी जनावरांच्या सभेनं उन्हाळ्याचा नियम रद्द केला. निरोप घेऊन टिटवी धापा टाकत आली. "आजोबा, उद्या उन्हाळा लागतोय, पण यंदा लवकर जायचं नाही. ती ओळ खरवडून टाका."

"तुझ्या आजीच्याही आधीची ओळ आहे ती," कासव म्हणालं. "सभा काय, रोज नवं काहीतरी काढते."

टिटवी कळपाकडे उडाली. म्होरकी हरिणी म्हणाली, "पाठीवर आहे का तसं? नाही ना? मग पाडसांना उगाच घाबरवू नकोस."

पहाटे कळप जुन्या नियमानं तळ्यावर उतरला. वाघ तिथंच होता. नव्या नियमानं पाळी त्याचीच होती. टिटवी वरून ओरडत राहिली.

कळपातल्या दोघीच जिवंत परतल्या.

"कोरलेलं काही चुकीचं नव्हतं," कासव म्हणालं.

दोघींनी मान डोलावली आणि त्याला उद्याची वेळ विचारली.