आठ वर्षांचं पिंप

केंटकीतल्या त्या जुन्या व्हिस्कीच्या कारखान्याला हा चौथा परदेशी मालक. एकेचाळीस वर्षं पिंपं भरणाऱ्या अर्लबाबांचे कान नव्या मालकांची भाषणं ऐकून किटले होते.

नवे ब्रेमरसाहेब कोठारात आले. एका पिंपातली व्हिस्की चाखून मिटक्या मारत म्हणाले, "वा! याला म्हणतात आमच्या कंपनीचा दर्जा! आता म्हाताऱ्यांची गरज नाही. बाबा, उद्यापासून घरी बसा."

अर्लबाबांनी उसासा टाकून पिंपावरची धूळ पुसली. तारीख आठ वर्षांपूर्वीची होती.

"साहेब, हे पहिल्या परदेशी मालकाच्या वेळचं. त्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. व्हिस्की मुरायला आठ वर्षं लागतात, मालक तिसऱ्या वर्षी बदलतो."

साहेबांचा चेहरा उतरला. "मग आज मी भरीन ते?"

"ते चाखून पुढचा कुणी म्हणेल, 'वा, आमच्या कंपनीचा दर्जा!' तेव्हा, 'नाही हो, हे आधीच्या साहेबांचं,' असं सांगायला इथे कुणीतरी नको का?"

साहेबांनी त्या जुन्या पिंपावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "राहा तुम्ही."

बाबांनी खिशातून खडू काढला आणि रिकाम्या पिंपाशी वाकले.

"नाव काय म्हणालात, साहेब?"