तापातल्या नवऱ्याचं मत

बायकांना मताचा हक्क नव्हता, त्या काळातली अमेरिका. टॅबिथाबाईंनी बेधडक मत दिलं आणि त्यांच्यावर खटला भरला गेला.

न्यायाधीश प्रेंटिस समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, कायद्याने नवरा-बायको एकच व्यक्ती. त्याचं मत तेच तुमचं. तुम्ही वेगळं दिलंत, हा गुन्हा."

"आम्ही दोघं एकच, हे नक्की ना, साहेब?"

"अगदी नक्की."

"मग त्या दिवशी आमचे हे तापाने फणफणले होते. आमच्यातल्या ज्याला उठवत होतं, ते जाऊन मत देऊन आलं. व्यक्ती एक, मत एक. गुन्हा कुठे झाला?"

न्यायाधीशांनी हातोडा उचलला, तसाच खाली ठेवला आणि खटला काढून टाकला.

घरी नवरा आनंदाने म्हणाला, "सुटलीस!"

टॅबिथाबाई शालीची गाठ सोडत म्हणाल्या, "अहो, कायद्यातली ती एक व्यक्ती म्हणजे तुम्ही; सुटलात तुम्ही. मी अजून सुटायची आहे."