शिळेची कोरी जागा

दगड झाडांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. शहरातल्या एका बागेत काळ्या पाषाणाची शिळा उभी होती. वरच्या अर्ध्या भागावर लढाईत पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली, खालचा अर्धा भाग पाथरवटानं कोराच ठेवलेला.

तो कोरा भाग शिळेला खुपायचा. शेजारच्या बकुळीला ती म्हणायची, "बाई गं, अशी अर्धीमुर्धी किती दिवस उभी राहू? आणखी एक लढाई झाली की पुरी होईन मी."

बकुळ नुसती फुलं गाळायची.

एका धुक्याच्या सकाळी एक म्हातारी आली. झोपलेल्या लेकराच्या भुवईवरून फिरवावं तसं तिनं एका नावावरून बोट फिरवलं. "ऊठ रे भिवबा, उजाडलं," ती पुटपुटली. शिळा आतून थरारली.

तेव्हापासून कुठंही छिन्नी वाजली की ती दचकायची. "बकुळे, ही जागा कुणी भरू नये गं!"

"कुणीतरी भरणारच," बकुळ म्हणाली. "चांगलं कुणी येवो."

एका दुपारी मुलं आली. एका पोरीनं विटेच्या तुकड्यानं कोऱ्या जागेवर तीन उभ्या रेघा ओढल्या. "हे स्टंप!"

चेंडू दाणकन शिळेवर आदळला. "आऊट!" सगळी ओरडली. बॅटवाला पोरगा "ट्रायल बॉल होता" म्हणून खूप भांडला.

दिवेलागणीला त्याच्या आईची हाक आली. शिळा बघतच राहिली. तिच्यापाशी आऊट झालेला पोरगा आपल्या पायांनी घरी निघाला होता.