हातांभोवतीची लव

"शाई फवारणारं हेड तीनदा धुतलं, चाचा. शाई बदलली. वेग निम्म्यावर आणला. आता करायचं काय राहिलंय?"

चष्मा कपाळावर सरकवून दस्तगीरचाचा नुकत्याच छापून निघालेल्या व्हिनाइलच्या प्लॅस्टिक कागदावर वाकले.

सोलापुरात चाळीस वर्षं त्यांनी ब्रशने दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. हात कापू लागले तेव्हा छपाईचं मोठं मशीन घेतलं. शलाका कोष्टीला रंग ओळखायला त्यांनीच शिकवलं. मशीनचं प्रशिक्षण मात्र ती पुण्याहून घेऊन आली, पहिला नंबर काढून. त्यानंतर तिने त्यांना काही विचारलं नव्हतं.

आज विचारत होती.

कर्णबधिर मुलांच्या शाळेसाठी अक्षरांचा तक्ता छापायचा होता. प्रत्येक अक्षराची खूण करणारा एकेक हात, काळ्या रेघांत काढलेला. पण प्रत्येक रेघेच्या कडेला शाईची बारीक लव उठत होती, बुरशीसारखी. मुठीत अंगठा आत आहे की बाहेर, कळायला मार्ग नव्हता.

पहिला तक्ता शाळेच्या बाई परत घेऊन आल्या होत्या.

"लांबून बघा, स्पष्ट दिसतो," शलाका त्यांना म्हणाली होती.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आमची एक मुलगी आठवडाभर स्वतःचं नाव बोटांनी चुकीचं सांगतेय."

तेव्हापासून शलाकाला घास गोड लागत नव्हता. रोलमध्ये आता एकाच तक्त्यापुरतं व्हिनाइल उरलं होतं, आणि संध्याकाळी बाई यायच्या होत्या.

"हेडच गेलंय," ती म्हणाली. "नाहीतर मलाच जमत नाही. तुम्ही दुसरं कुणी बघा."

चाचांनी शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली आणि हात व्हिनाइलच्या जवळ नेला. टेकवला नाही.

हातावरचे पांढरे केस सरसरून उभे राहिले.

"काय दिसलं?"

"केस उभे राहिले."

"मी घाबरलो काय?"

"नाही..."

"थंडी वाजली?"

तिने आपलाही हात पुढे केला. मनगटाशी कोळ्याचं जाळं लागावं तसं काहीतरी झालं.

"स्टॅटिक," ती हळूच म्हणाली. "हवा कोरडी पडली की व्हिनाइलमध्ये वीज साठते. शाईचा थेंब सरळ पडत नाही, कडेला ओढला जातो... परीक्षेत होता हा प्रश्न. मी बरोबर लिहिला होता."

"शाबास," चाचा म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, हे तिला जास्त लागलं.

धूळ नको म्हणून खिडक्या तिनेच पट्ट्या लावून बंद केल्या होत्या. एसी तिनेच दिवसभर चालू ठेवला होता. हवेतला ओलावा मोजायचं यंत्रही तिनेच भिंतीला टांगलं होतं. तिने मान वर करून पाहिलं. काटा अठरा टक्क्यांवर होता; निदान चाळीस तरी हवा.

चाचांनी एसी बंद केला. मोरीतून बादली आणि फडकं आणलं आणि गुडघे धरत खाली बसले.

"चाचा! मशीनजवळ पाणी?"

"मशीनला नाही पाजत. फरशी पुसतोय."

दोन हात मारले न मारले तोच त्यांना दम लागला. शलाकाने ओढणी कमरेला खोचली आणि त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"उठा तुम्ही."

"पिळून घे. डबकं नको."

तिने दाराच्या कोपऱ्यापासून भिंतीपर्यंत सगळी फरशी पुसली. वाळली की पुन्हा पुसली. खिडकीपाशी ओली चादर टांगली. चाचा स्टुलावर बसून होते, मधूनमधून "तिकडं राहिलं" म्हणत होते. काटा बावीसवर आला... तीसवर... दोन तासांनी पंचेचाळीसवर.

"लाव," चाचा म्हणाले.

उरलेलं व्हिनाइल तिने मशीनवर चढवलं. मशीन इकडून तिकडे धावू लागलं. पहिला हात उमटला. मनगट, तळवा, बोटं...

अंगठा बाहेर होता. स्वच्छ, जणू चाचांनी तरुणपणी एका दमात ओढलेली रेघ.

संध्याकाळी बाई आल्या. तक्त्यासमोर उभ्या राहून त्यांनी एकेका हातासारखा आपला हात केला, शेवटच्या अक्षरापर्यंत. मग शलाकाच्या पाठीवर हात ठेवला आणि तक्ता घेऊन गेल्या.

शलाकाचे डोळे भरून आले. ते लपवायला ती पाठमोरी झाली.

"तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं," ती म्हणाली. "इतके दिवस इथेच बसून बघत होतात. सांगितलं का नाहीत?"

"तू मशीनशी बोलत होतीस, बेटा. दोघांच्या मध्ये कसा बोलू?"

ती हसली. नाक पुसून तिने वही काढली आणि ठळक अक्षरांत लिहिलं : रोज सकाळी फरशी ओल्या फडक्याने पुसणे.

"आता चूक होणार नाही. नियमच करून टाकला."

चाचांनी चष्मा डोळ्यांवर ओढून ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग वही तिच्या हातात परत दिली, भिंतीवरच्या काट्याकडे बोट दाखवलं आणि तिच्या डोक्यावर हलकेच टपली मारली.

"पावसाळ्यात पुसलीस तर मार खाशील."