अस्वलिणीची पाठ

मुलांनो, डोंगरातल्या एका जंगलात एक अस्वलीण आपल्या पिल्लासह राहत असे. अस्वलाची पिल्लं आईच्या पाठीवर बसून हिंडतात, तसं हेही सदा पाठीवरच असे. एकदा बांबूच्या तुटक्या टोकाने अस्वलिणीच्या पाठीला मोठी खोक पडली आणि पिल्लाची बसायची जागाच गेली. ते मागून चालू लागे आणि थोड्याच वेळात फतकल मारून बसे. पलीकडच्या टेकडीवर मोहाची गोड फुलं पडू लागली होती. तिथवर चालणं पिल्लाला जमणार नव्हतं आणि त्याला एकटं टाकून जायला आईचं मन होईना.

ओढ्याकाठी राहणारी म्हातारी सांबरीण म्हणाली, "रोज या गार पाण्यात बस आणि जखम चोळू नकोस."

अस्वलिणीला हसू आलं. "मावशी, पाण्यात तर सुख वाटतं. सुख वाटलं तर ते औषध कसलं? डोळ्यांतून पाणी काढतं ते खरं औषध."

तिने दगडावर बिब्बे चिरडले आणि त्यावर पाठ घासली. अंगाची लाहीलाही झाली. "लागू पडतंय," ती दात आवळून म्हणाली. काही दिवसांनी आग थांबली, खपली धरू लागली, तशी ही घाबरली. "झोंबायचं थांबलं. औषधाचा गुण गेला वाटतं." लगेच पुन्हा बिब्बे, पुन्हा घासणं. खपली निघे आणि जखम आणखी मोठी होई. पिल्लू बिचारं रोज विचारी, "आई, आज बसू?" ती म्हणे, "अजून चांगलं झोंबू दे, मग बस."

शेवटी झाडाखालचे बिब्बेच संपले. आता आपलं काही खरं नाही, असं म्हणत ती ओढ्यात जाऊन बसली. औषध म्हणून नव्हे, उन्हाने जीव कासावीस झाला म्हणून. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, तेव्हा रोज तिथेच बसू लागली. एका सकाळी काठावर तिला छान डुलकी लागली. जाग आली तर पिल्लू कुठे दिसेना.

"मावशी, माझं पिल्लू पाहिलंस का?"

"तुझ्याच पाठीवर घोरतंय," सांबरीण म्हणाली.

पाठीवरचं ते उबदार ओझं अस्वलिणीला आता कुठे जाणवलं. "पण मला तर काहीच दुखलं नाही," ती काळजीने म्हणाली.

"इतके दिवस औषध सोसलंस, आता बरं वाटतंय तेही सोस."

अस्वलीण मनापासून हसली. मग पिल्लाची झोप मोडू न देता जपून उठली आणि टेकडीच्या वाटेला लागली. मोहाची फुलं अजून पडत होती.

तात्पर्य : औषध किती झोंबलं हे पाहू नये, दुखणं किती उतरलं हे पाहावं.