बिनवासाच्या फरशीची कहाणी

ऐका रिठाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, रोज पुसलेलं होतं. तिथं एक राणी होती. तिला स्वच्छतेचं भारी वेड. डोळ्यांवर तिचा विश्वास नव्हता, नाकावर होता. वास घमघमला की म्हणायची, आता झालं स्वच्छ!

राणीला एकुलती एक लेक. तिला सातवा महिना लागला, बाळंतपणाला माहेरी निघाली. राणीला आनंद झाला. तिनं फरशीच्या औषधाची निळी बाटली आणली, महालभर ओतली. मग लेक आली. उंबऱ्यात पाय ठेवला, नाकाला पदर लावला. "आई, मळमळतं ग," म्हणाली. पायरीवरच ओकली, सासरी परत गेली. राणी म्हणाली, "वास कमी पडला."

मग दुसरे खेपेस हिरवी बाटली आणली, दुप्पट ओतली. लेक अंगणातूनच परत गेली. राणी म्हणाली, "अजून कमी पडला."

मग तिसरे खेपेस निळी, हिरवी, गुलाबी, तिन्ही एका बादलीत ओतल्या. बादली फसफसली, धूर निघाला. राजा खोकत खोकत गच्चीत पळाला. भिंतीवरची पाल पटकन् खाली पडली. लेकीनं वेशीवरूनच निरोप धाडला, "आई, मी सासरीच बाळंत होते." राणी मटकन् बसली, धाय मोकलून रडली.

फरशी पुसणारी गोजराबाई पुढं आली. तिच्या हातांची सालटं निघाली होती. "बाईसाहेब, हे हात बघा. उद्या नातवंड ह्याच फरशीवर रांगंल, बोटं तोंडात घालंल." राणी वरमली. "मग मी काय करू?" "वसा सांगते. पण तुम्ही उताल, माताल, वर बाटली ओताल." "उतणार नाही, मातणार नाही, बाटली ओतणार नाही."

"मग रिठे भिजवावे, उकळावे, कुस्करावे. त्या पाण्यानं फरशी पुसावी. पितळेला चिंच लावावी, मोरीला लिंबू चोळावं. खिडक्या उघड्या टाकाव्या. आणि पुसल्यावर हुंगत हिंडू नये." शेवटचा नेम राणीला फार जड गेला. चार दिवस फरशीला नाक लावून म्हणे, "अगं, हिला कसलाच वास नाही!" गोजराबाई म्हणे, "नसू द्या."

मग राणीनं पालखी धाडली, दारात उभी राहिली. जीव नुसता टांगणीला लागला. लेक आली. उंबरा ओलांडला, माजघरात थांबली, मोठा श्वास घेतला. राणीनं भीत भीत विचारलं, "काय ग, येतंय का काही?"

लेक गळ्यात पडली. "आई, किती दिसांनी तुझा वास आला ग!"

जशी राणीला लेक भेटली, तशी तुम्हां आम्हां भेटो. गोजराबाईचे हात बरे झाले, तसे पुसणाऱ्या साऱ्यांचे होवोत. ही साठां डागांची कहाणी पांचा पुसण्यांत सुफळ संपूर्ण.